कुंभार्लीच्या अलीकडचा मुक्काम

प्रवासवर्णन लिहावयास बसणाऱ्यानें निदान काशी, रामेश्वर किंवा विलायत यांपैकीं कोठें तरी जाऊन आलेलें असावें, अशी वाचकांची अपेक्षा असते. आम्ही गेलों तें कराडहून गुहागरास. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आंतबाहेर, सकाळीं एस्. टी. नें निघालेला मनुष्य दुपारच्या पानास तेथें पोहोंचतो. आम्हांस मात्र या प्रवासास दोन दिवस लागले, आणि त्यांतील जवळजवळ एक दिवस घाटाच्या अलीकडे एका मोटारसायकल-दुरुस्तीच्या दुकानांत लांकडी बाकावर बसून गेला. पस्तीस वर्षें मुलांना बाकावर बसविल्यावर तेथें आम्हांस स्वतःसच विद्यार्थी व्हावें लागलें. त्या बाकावर जें शिकलों तें घरोघरच्या वाचकांच्या उपयोगीं पडण्यासारखें आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम प्रवासाचें कारण सांगितलें पाहिजे. आमच्या कनिष्ठ बंधूची एक बुलेट मोटारसायकल आमच्या घरीं आहे. गाडी आहे, बंधु नाहीं. सन २०२१ च्या वैशाखांत महामारीनें त्यास नेलें. प्रतिवर्षीं मार्गशीर्षांत या गाडीवरून गुहागरास जावें, कुलस्वामी व्याडेश्वरास अभिषेक करावा आणि दुसऱ्या दिवशीं नारळ-सुपारी घेऊन परत यावें, असा त्याचा वीस-बावीस वर्षांचा नेम होता. तो गेला आणि नेम खंडला. सन २०२४ च्या मार्गशीर्षांत त्याच्या मुलानें, म्हणजे आमच्या पुतण्यानें, तो पुन्हां सुरू करण्याचें मनांत घेतलें. आणि तेंही वडिलांच्याच गाडीवरून. मुलगा तेवीस वर्षांचा, पुण्यास नोकरीला. त्याची आई दोन दिवस कांहींच बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं ती आमच्यापुढें येऊन म्हणाली, "दादा, तुम्ही त्याच्या मागें बसणार असाल तर जाऊं दे त्याला. पण वाटेंत जें होईल तें मला फोनवर सांगायचं. लपवायचं नाहीं." आम्हीं शब्द दिला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं शिरस्त्राण घालून मोटारसायकलीच्या मागच्या बैठकीवर बसण्याचा योग आमच्या पत्रिकेंत होता, तो असा आला.

गाडीच्या प्रकृतीविषयीं आम्ही निश्चिंत होतों. बंधूच्या पश्चात् तिची सेवा आम्हींच केली होती. रोज सकाळीं स्नानसंध्या आटोपली कीं मऊ फडक्यानें टाकी पुसावी, चकचकीत भाग उजळावेत, आणि पुतण्या रविवारीं घरीं आला म्हणजे त्याच्याकडून गाडी धुण्याच्या ठिकाणीं नेववून जोराच्या फवाऱ्याखालीं तिचा कानाकोपरा धुऊन घ्यावा, असा आमचा परिपाठ असे. येणारे-जाणारे म्हणत, "गुरुजी, गाडी कालच घेतल्यासारखी दिसते." तें ऐकून आम्हांस धन्य वाटे. मध्यंतरीं, पुढचा ब्रेक दाबला असतां हॅंडलाखालीं कोठें तरी 'टक्' असा आवाज येतो, अशी पुतण्यानें तक्रार केली; तेव्हां एका कारागिराकडून वरचा नट पिळून घट्ट करून घेतला. आवाज बंद झाला. आम्हीं त्या कारागिराचें कौतुकच केलें.

निघण्यापूर्वीं पहाटे प्रीतिसंगमावर जाऊन आलों. कराडास कृष्णा आणि कोयना एकमेकींच्या अगदीं समोरासमोर येऊन मिळतात आणि मग हातांत हात घालून पूर्वेकडे वळतात. असा संगम क्वचित् पाहावयास मिळतो. तेथून आमचा रस्ता कोयनेच्या खोऱ्यांतून, नदीच्या प्रवाहाच्या उलट, पश्चिमेकडे जात होता. उसाच्या गळिताचा हंगाम असल्यामुळें ट्रॅक्टरांमागें दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या. त्यांच्या मागें गाडी सावकाश न्यावी लागे, आणि सावकाश नेली कीं ती सरळ चालेना. किंचित् डावीकडे, किंचित् उजवीकडे अशी ती झुलूं लागली. मल्हारपेठ मागें पडली, पाटण आलें, तसा पुतण्याच्या खांद्यांतील ताठरपणा आम्हांस मागें बसूनही कळूं लागला. विचारलें तेव्हां तो म्हणाला, "काका, हॅंडल मध्यावर आलं कीं कोणी तरी धरल्यासारखं होतं. सोडवायला जावं तर जरा जास्तच वळतं."

हेळवाकास चहासाठीं थांबलों. येथून पुढें कुंभार्ली घाट. तो उतरला कीं कोंकण. पुतण्या म्हणाला, "काका, आतां घाटच राहिला आहे. हळू नेतों. चिपळुणांत दुकानं मोठीं आहेत, तिथं दाखवूं." अभिषेकाची वेळ उपाध्यायांस आधींच कळविलेली होती. तीन वर्षांनीं जुळून आलेला नेम एवढ्याशा कारणानें चुकावा, हें आमच्याही मनास रुचेना. क्षणभर आम्हीही 'चल' म्हणणार होतों. तेवढ्यांत दिलेला शब्द आठवला. "मग तुझ्या आईला आतां फोनवर काय सांगूं?" एवढेंच आम्हीं त्यास विचारलें. तो कांहीं बोलला नाहीं. चहा तसाच ठेवून तो दुरुस्तीच्या दुकानाची चौकशी करावयास गेला.

दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड. मेस्त्री पन्नाशीचे, मितभाषी. त्यांनीं गाडी मोठ्या स्टॅंडवर घेतली, इंजिनाखालीं लांकडाचा ठोकळा दिला आणि पुढचें चाक अधांतरीं केलें. मग खालीं बसून पुढच्या दोन्ही शॉकपचीं खालचीं टोंकें धरून मागेंपुढें ओढून पाहिलीं. ढिलाई नव्हती. नंतर उठून एका बोटानें हॅंडल अगदीं सावकाश या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरविलें. मध्यावर येतांच तें खळग्यांत बसल्यासारखें थांबलें.

"आतां तुमी बोट लावा, गुरुजी," ते आम्हांस म्हणाले. आम्हीं बोट लाविलें. इतके दिवस ज्या गाडीस आम्ही रोज हात लावीत होतों, तिचा हा दोष आमच्या बोटास प्रथमच कळला.

"कोनसेट ग्येला," मेस्त्री म्हणाले. "ह्यावर घाट उतरायचा न्हाई."

कोनसेट म्हणजे काय, हें आमच्याप्रमाणेंच पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. दुचाकीचें पुढचें चाक ज्या चिमट्यांत असतें, त्याच्या माथ्यावर एक आडवी पट्टी आणि तीवर एक उभा दांडा असतो. त्या आकारामुळें कारागीर त्यास 'टी' म्हणतात. हा दांडा गाडीच्या सांगाड्याच्या मानेंतील नळींतून वर जातो. नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशीं पोलादी वाट्या बसविलेल्या असतात आणि त्यांत पोलादाचे छर्रे वर्तुळांत मांडलेले असतात. हॅंडल फिरतें तें या छर्ऱ्यांवर. खड्ड्याचा दणका, ब्रेकाचा हिसका, पुढच्या बाजूचा भार, सर्व कांहीं या दोन कड्यांतून जातें. बाहेरून मात्र यांतील कांहींही दिसत नाहीं.

मेस्त्रींनीं हॅंडल उतरविलें, मोठ्या दिव्याचा डबा सुटा केला, चाक, मडगार्ड, शॉकप एकेक करून बाजूस ठेविले. शेवटीं खालीं स्वच्छ फडकें अंथरून त्यांनीं वरचा नट सोडविला आणि 'टी' हळूच खालीं घेतली. छर्रे टपटप फडक्यावर पडले. वरच्या वाटींतले आणि खालच्या वाटींतले त्यांनीं वेगळे ठेविले. ग्रीस म्हणून जें आंत होतें, तें विटकरीच्या भुकटीसारखें कोरडें झालें होतें. रॉकेलच्या बोळ्यानें वाटी पुसून मेस्त्रींनीं ती उन्हाकडे धरली. ज्या घोटीव पृष्ठभागावर आरशासारखी झळाळी असावयाची, त्यावर ओळीनें बारीक खळगे पडलेले होते; जणुं छर्रे मांडून वरून कोणीं घाव घातला असावा.

हे खळगे मध्यावरच कां पडतात, याचें कारण विचार करण्यासारखें आहे. मनुष्य गाडी चालवितो तेव्हां बहुतेक वेळ हॅंडल सरळच असतें. छर्रा पुरता फिरला तर तो आपल्याबरोबर ग्रीसही फिरवून आणतो. परंतु सरळ रस्त्यावर तो एकाच जागीं केसभर मागेंपुढें थरथरत राहतो. त्यामुळें त्याच्याखालचें ग्रीस दोन्ही बाजूंस सारलें जातें, तें परत येत नाहीं, आणि पोलाद पोलादावर घासूं लागतें. त्यांत पाणी शिरलें तर गंज धरतो. कोरड्या वाटीवरचा नट आणखी पिळला तर छर्रे अधिकच दाबले जातात. पाणी जोराच्या फवाऱ्यानें आम्हीं घातलें होतें. नट आम्हीं पिळविला होता. गाडीचा दोष कांहींच नव्हता.

"नुसतं ग्रीस भरून भागणार नाहीं का?" पुतण्यानें विचारलें.

"खड्डा ग्रीसनं बुजत न्हाई, बाळा," मेस्त्री म्हणाले. "अन् जुन्या वाटींत नवं छर्रं बी घालायचं न्हाई. पुरा सेट बदलायचा."

संस्कृतांत 'स्नेह' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. तेल, तूप, वंगण यांतील स्निग्धपणा हा एक आणि माया हा दुसरा. तर्कसंग्रह शिकलेल्यांस आठवत असेल कीं चोवीस गुणांत स्नेह हा एक गुण मोजिला असून तो केवळ जलाच्या ठायीं असतो असें नैयायिक मानितात. आम्हीं हें वर्गांत कितीदां तरी सांगितलें असेल. त्या दिवशीं पाहिलें तें असें कीं जलानेंच आंतील स्नेह धुऊन नेला होता; आणि आमच्या मनांतील स्नेह टाकीच्या पृष्ठभागावरच फिरत राहिला होता.

नवा कोनसेट आणण्यासाठीं पुतण्या मिळेल त्या एस्. टी. नें कराडास परत गेला. आम्हीं घरीं फोन लाविला. बोलण्याची तयारी मनांत करून ठेविली होती: घाबरण्याचें कारण नाहीं, किरकोळ काम आहे, वगैरे. परंतु 'कोनसेट' हा शब्द आमच्या तोंडून बाहेर पडतांच ती म्हणाली, "उघडला का? मग छर्रे मोजून घ्या, दादा. वर एकोणीस आणि खालीं एकोणीस. पाव इंची. हे दर दोन वर्षांनीं पावसाळा संपला कीं अंगणांत उघडून बसत, आणि मी स्वयंपाकघरांतली वाटी घेऊन समोर बसत असें. एकदां एक छर्रा पायरीखालीं घरंगळला, तर रात्रीं दहापर्यंत शोधीत होतों दोघं."

आम्हीं फडक्यावरचे छर्रे मोजले. एकोणीस आणि एकोणीस. मेस्त्रींनीं मान हलविली.

मग ती थोडी थांबून म्हणाली, "तुम्ही गाडी त्या फवाऱ्याखालीं पाठवीत होतां, तेव्हां सांगावंसं वाटे कीं मानेपाशीं पाणी मारूं देऊं नका, हे कधीं मारूं देत नसत. पण तुम्ही इतकं मनापासून करतां, म्हणून बोललें नाहीं."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. एका घरांत, एका छपराखालीं, जिला ठाऊक होतें तिला आम्हीं तीन वर्षांत एकदांही विचारलें नव्हतें. आणि तिनें आमचा वडीलपणा राखण्यासाठीं मौन धरिलें होतें. आम्हांस वाटत होतें कीं त्या गाडीचें नांव काढलें तर तिला दुःख होईल. त्यामुळें आमच्या घरांत बंधूविषयीं सर्व बोलणें होई, गाडीविषयीं मात्र नाहीं.

दुपारीं मनाची चलबिचल घालविण्यासाठीं कोयनानगरास गेलों आणि धरणासमोरच्या नेहरू उद्यानांत बसलों. १०३ मीटर उंचीचें तें धरण आणि त्यामागें पसरलेला शिवाजीसागर. पाणीसाठा १०५ अब्ज घनफुटांहून अधिक. कोयना ही पूर्ववाहिनी. तिचें पाणी कृष्णेंतून बंगालच्या उपसागरास जावयाचें. परंतु येथें त्यांतील मोठा भाग सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेकडे सोडला आहे. तें पोफळीकडे उंचावरून कोसळतें, वीज करतें आणि वाशिष्ठी नदीनें अरबी समुद्रास मिळतें. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याच्या घरांतील दिवे या डोंगरानें किती वर्षें लावले आहेत, याचा हिशेब आपण क्वचितच करतों.

याच भूमीवर ता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं, कोयनानगरचीं घरें जमीनदोस्त झालीं. धरणास भेगा गेल्या, पण तें उभें राहिलें. पुढें त्यास बळकटी दिली गेली. आमच्या मेस्त्रींचा जन्म त्यानंतरचा, परंतु आजी दाराच्या चौकटीखालीं कशी वांचली ही कथा त्यांनीं आम्हांस परतल्यावर सांगितली. ते म्हणाले, "धरणाच्या पोटांत बोळ हाईत, गुरुजी. मान्सं आंत जाऊन तपासत्यात. भाहेरनं बघून काय कळतंय?" त्यांनीं हें आम्हांस उद्देशून म्हटलें नसावें, तरी आम्हांस लागलें.

रात्रीं तेथेंच एका साध्या खोलींत राहिलों. उपाध्यायांस निरोप पाठवून अभिषेक एक दिवस पुढें घेतला. सकाळीं मेस्त्रींनीं काम सुरू केलें, आणि या वेळीं पाना पुतण्याच्या हातांत देऊन. जुन्या वाट्या आंतून पंच लावून, चारी बाजूंनीं थोडथोडें ठोकून काढल्या. नव्या त्याचप्रमाणें, जराही तिरप्या होऊं न देतां बसविल्या. वाटी तिरपी बसली तर सर्व श्रम व्यर्थ, असें मेस्त्री दोनदां म्हणाले. नंतर ग्रीस. हें तेलच असतें, परंतु लिथियमच्या साबणानें तें स्पंजांत पाणी धरावें तसें धरून ठेविलेलें असतें, म्हणून ओघळत नाहीं आणि पाण्यास सहज वश होत नाहीं. वाटींत त्याचा जाड थर देऊन त्यांत एकेक छर्रा रोंवला. ग्रीसच त्यांना पडूं देत नाहीं. एकोणीस आणि एकोणीस, आम्हीं मोठ्यानें मोजले. वरून पुन्हां ग्रीस.

खरी परीक्षा नट आवळण्याची. ढिला राहिला तर गाडी ब्रेकाच्या वेळीं ठोके देते; फार आवळला तर हॅंडल जड होतें आणि नवे खळगे पडतात. पाहण्याची रीत अशी: चाक अधांतरीं असतांना शॉकप मागेंपुढें ओढले तर हालचाल जाणवूं नये, आणि हॅंडल मध्यावरून किंचित् ढकलून सोडलें तर तें आपल्याच भारानें, कोठेंही न अडखळतां, बाजूस कललें पाहिजे. वरचा कुलुपी नट आवळल्यावर हीच परीक्षा पुन्हां करावी, कारण त्यानें आंतील दाब बदलतो. नव्या वाट्या जागीं बसतात म्हणून पांचशे किलोमीटर चालल्यावर आणखी एकदां पाहावें. आमच्या वाचकांच्या घरीं स्कूटर असो कीं मोटारसायकल, रीत हीच आहे. तपासावयास पांच मिनिटें पुरतात आणि विद्या लागत नाहीं. आणि धुतांना पाण्याचा फवारा मानेपाशीं कधींही धरूं नये.

मेस्त्रींनीं मजुरी सांगितली ती आमच्या अपेक्षेहून कमी होती. जास्त देऊं केली तर घेतली नाहीं. "गुरुजी, पोरानं काम शिकून घ्येतलं, त्येच लई झालं," असें म्हणाले.

घाट उतरलों तेव्हां अकरा वाजले होते. कुंभार्लीचीं वळणें एकामागून एक येत होतीं आणि गाडी प्रत्येक वळणांत मनांत येतांच वळत होती. पुतण्याचे खांदे सैल झाले होते. खालीं हवा बदलली, दमट झाली. पोफळी, शिरगांव करीत चिपळुणास पोहोंचलों. २०२१ च्या जुलैंत वाशिष्ठीच्या पुरानें या गांवाची केवढी दैना केली होती, तें आठवून पुलावरून जातांना आम्हीं नकळत हात जोडले. पुढें लाल मातीचा चढउताराचा रस्ता, आणि तिसऱ्या प्रहरीं नारळी-पोफळींच्या वाड्यांतून गुहागर आलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं व्याडेश्वरास अभिषेक झाला. संकल्पाच्या वेळीं पुतण्यानें वडिलांचें नांव घेतलें तेव्हां त्याचा स्वर थोडा कांपला, आमचाही. संध्याकाळीं उफराट्या गणपतीचें दर्शन घेतलें. गांवांत शिरणारा समुद्र आवरण्यासाठीं या देवानें पूर्वेचें तोंड पश्चिमेस फिरविलें, अशी आख्यायिका आहे. देवही प्रसंगीं मान वळवितो, हें त्या दिवशीं आम्हांस विशेष पटलें.

परत आल्यावर जुने अडतीस छर्रे आम्हीं पुडी बांधून त्याच्या आईच्या हातांत दिले. तिनें ते कांहीं न बोलतां मोजले आणि जपून ठेविले. पुढें पांचशे किलोमीटर पुरे झाले, त्या रविवारीं पुतण्यानें अंगणांत गाडी स्टॅंडवर घेतली. या वेळीं आम्हीं त्यास सूचना केल्या नाहींत. त्याच्या आईस बाहेर बोलाविलें आणि "तूंच सांग, कसें पाहावयाचें तें," असें म्हटलें. ती येतांना सवयीनें स्वयंपाकघरांतील वाटी घेऊन आली. नट केवळ पाव फेरा आवळावा लागला. कांहीं उघडावें लागलें नाहीं आणि वाटीची गरज पडली नाहीं. तरी काम संपेपर्यंत ती पायरीवरच होती.